नाजूक शिकाऱ्याला सोबत कुणाची?

"दादा, ह्या काळ्याबरोबर दुसरं काय टाकू?"

"टाका काहीपण. शांत आहे तो, कुणाच्या वाटेला जात नाही."

चिपळूण असो, रत्नागिरी असो की कणकवली, ॲक्वेरियमच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हे बोलणं कानावर पडतंच. काळा म्हणजे ब्लॅक घोस्ट नावाचा मासा. बोटभर लांबीचा, शेपटीला दोन पांढरे पट्टे, पोटाखालचा एकच लांब पर लहरवत जितक्या सहज पुढे तितक्याच सहज मागे जाणारा. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्या वयाचा ब्लॅक घोस्ट खरोखरच कुणाच्या वाटेला जात नाही. पण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो, म्हणून उत्तरही अर्धंच मिळतं.

शिकारी मासा म्हटलं की आपण एवढंच बघतो की हा कुणाला खाईल. ते बघायला हवंच. पण काही शिकारी मासे अंगाने आणि स्वभावाने इतके नाजूक असतात की त्यांच्या बाबतीत दुसरी बाजू जास्त महत्त्वाची ठरते: त्याला कोण त्रास देईल, आणि त्याच्या तोंडचा घास कोण पळवेल? घरच्या टाक्यांमध्ये असे मासे दुसऱ्याला खाऊन बदनाम होतात त्यापेक्षा भरल्या टाकीत उपाशी राहून जास्त मरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मालकाला वाटतं रोग झाला. तो औषध टाकतो, आणि उरलीसुरली कसर औषध भरून काढतं.

हे शिकारी नाजूक कसे?

मरळ किंवा ऑस्कर हे धटिंगण शिकारी. पाठलाग करायचा, झडप घालायची, दुसऱ्याच्या तोंडातलं ओढून घ्यायचं. त्यांची काळजी आपण करायची गरज नाही. नाजूक शिकारी वेगळ्या घडणीचे. ते एकतर दबा धरून बसतात, नाहीतर अंधारात हळूच चाचपत फिरतात. त्यांचं सगळं शरीर एका विशिष्ट पद्धतीने शिकार करण्यासाठी बेतलेलं असतं आणि ती पद्धत सोडून त्यांना दुसरं काही जमत नाही.

दक्षिण अमेरिकेतला ब्लॅक घोस्ट अंगाभोवती सतत एक क्षीण विद्युतक्षेत्र तयार करतो आणि त्यात पडणाऱ्या फरकावरून अंधारात किडे-अळ्या हुडकतो. ह्याची खवलं इतकी बारीक की नुसती कातडीच वाटते. आफ्रिकेतला बटरफ्लाय फिश पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पृष्ठभागाला पाठ चिकटवून लटकलेला असतो आणि पाण्यावर पडलेला किडा टिपतो. खाली काय चाललंय याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नसतं. ॲमेझॉनचा लीफ फिश सुकलेल्या पानाचं सोंग घेऊन डोकं खाली करून तरंगत राहतो. त्याच ढंगाने शिकार करणारा नँडस आपल्या देशातल्या डबक्यांत, खाचरांत आणि संथ ओढ्यांत सापडतो. रंगाने मातकट म्हणून दुकानात त्याला भाव नाही, पण ज्याला शिकार बघायची हौस आहे त्याने एकदा तरी पाळावा असा मासा आहे.

आपल्या नद्यांमध्ये सुईसारख्या लांब चोचीचा एक मासा असतो, समुद्रातल्या टोळ माशाचा गोड्या पाण्यातला नातेवाईक. दिसायला मगरीचं पिल्लू, काळीज मात्र सशाचं. दिवा अचानक लावला किंवा काचेवर टिचकी मारली तरी उधळतो, काचेवर आदळतो आणि चोच मोडून घेतो. चोच मोडली की खाणं बंद. आणि शेवटी केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधला पी पफर. आपल्या खाडीतल्या केंडाच्या गोतावळ्यातला, पण उभ्या जन्मात साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे न जाणारा. गोगलगायी फोडून खातो, आणि कंटाळा आला की शेजाऱ्याचे पर कुरतडतो.

मासा मोजायचा तो तोंडाने

'ह्याच्याहून मोठे मासे टाका म्हणजे झालं' हा सल्ला सर्रास मिळतो. तो अपुरा आहे, कारण शिकारी माशाला समोरच्याची लांबी आडवी येत नाही, उंची आडवी येते. पाठीपासून पोटापर्यंत जो मासा तोंडात मावतो तो घशाखाली उतरतो, मग त्याची शेपटी थोडा वेळ बाहेर राहिली तरी चालते.

नँडसचं तोंड मिटलेलं असताना बघा आणि उघडल्यावर बघा. मिटलेलं असताना खाली वळलेली एक साधी रेघ दिसते. एखादा छोटा मासा जवळून जायला लागला की तो हलत नाही. फक्त छातीचे पारदर्शक पर थरथरतात आणि कणाकणाने तो भक्ष्याकडे सरकतो. मग जबडा दुमडलेल्या छत्रीसारखा पुढे उलगडतो, तोंडाची नळी होते, पाण्याबरोबर मासा आत ओढला जातो आणि जबडा पुन्हा जागेवर. डोळ्याला दिसतं ते एवढंच की मासा होता आणि आता नाही. म्हणून मिटलेलं तोंड बघून 'ह्याच्या तोंडात काय मावणार' असा अंदाज बांधणारा माणूस फसतो. असे मासे आपल्या निम्म्या लांबीचा मासासुद्धा सहज गिळतात.

निऑन टेट्रा, झेब्रा, गप्पी हे सगळे सडपातळ, म्हणजे खाऊच. एंजल, मोठे गुरामी, सिल्व्हर डॉलर असे उंच अंगाचे मासे तोंडात मावत नाहीत. मात्र ही तुलना आजच्या तोंडाशी करून उपयोग नाही, वर्षभरानंतरच्या तोंडाशी करायला हवी. दुकानात बोटभर दिसणारा ब्लॅक घोस्ट नीट वाढला तर फूटभर होतो, जास्तीत जास्त पन्नास सेंटिमीटरपर्यंतही जातो. त्याचं तोंड त्या मानाने लहानच राहतं, तरी झोपलेला निऑन रात्री टिपायला ते पुरेसं असतं. मालकाला सकाळी एक मासा कमी दिसतो आणि तो फिल्टरमध्ये शोधत बसतो.

इथे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको अशी एक गोष्ट आहे. शिंगाळा हातात धरताना आपण त्याचे काटे आधी बघतो. कोरीडोरास नावाचा छोटा, गोंडस, तळाशी फिरणारा मासा त्याच कुळातला, मांजरमाशांतला. संकट आलं की तो पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ करून अडकवून टाकतो. तोंड मोठं असलेल्या शिकाऱ्याने त्याला गिळायचा प्रयत्न केला तर काटे घशात रुततात; ना गिळता येत, ना थुंकता येत. दोघेही जातात. म्हणजे 'तळाचा मासा आहे, तो कुठे मध्ये येतो' म्हणून नँडस किंवा मोठ्या लीफ फिशबरोबर लहान कोरीडोरास सोडणं हे निऑन सोडण्यापेक्षाही वाईट. निऑन गेला तर एकच मासा जातो.

पंगतीत मागे पडणारा

सोबत निवडताना मी पहिला प्रश्न आकाराचा विचारत नाही. खाणं टाकल्यावर कोण किती वेगाने येतो, हे विचारतो.

गावजेवणाच्या पंगतीत काही माणसं वाढप्याच्या हातावर नजर ठेवून बसतात आणि एखादे आजोबा अजून पानाभोवती पाणी फिरवत असतात. टाकीत तेच होतं, फरक इतकाच की इथे वाढपी दुसऱ्यांदा फिरत नाही. टायगर बार्ब, रेनबो, सिल्व्हर डॉलर, डॅनिओ हे पाण्यावर बोटाची सावली पडली की वर हजर. दाणा तळाशी जाईपर्यंत उरत नाही. ब्लॅक घोस्ट तेव्हा पाइपात असतो, कारण दिवा चालू असतो. लीफ फिश अजून विचार करत असतो. दिवा बंद होऊन घोस्ट बाहेर येतो तेव्हा टाकी धुवून काढल्यासारखी असते.

उपासमार लगेच दिसत नाही, हीच पंचाईत आहे. शिकारी मासे दोन-तीन दिवस न खाता सहज राहतात, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. ब्लॅक घोस्टला समोरून बघा: डोक्यामागची पाठ भरलेली, गोलसर असायला हवी. ती सुरीच्या पात्यासारखी पातळ दिसायला लागली, पोट आत गेलं, की समजा बरेच दिवस त्याच्या वाट्याला काही आलेलं नाही.

ह्यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. घोस्टला लपायला एक पीव्हीसीचा तुकडा द्या, दीड-दोन इंची. तो त्यालाच घर मानतो. दिवा बंद करून अर्धा तास गेला की लांब चिमट्यात गोठवलेल्या ब्लडवर्मचा, म्हणजे बारीक लाल अळ्यांचा, चिमूटभर तुकडा किंवा सोललेल्या कोळंबीचा बारीक कण धरून पाइपाच्या तोंडाशी न्या. पहिले काही दिवस तो मागे सरकतो. मग त्याचं नाक बाहेर येतं, चिमट्याच्या टोकाभोवती फिरतं, पुन्हा आत जातं. एकदा का त्याला चिमट्याची ओळख पटली की तो पाइपातून अर्धा बाहेर येऊन हातातून खातो, पुढेपुढे दिवसाढवळ्यासुद्धा. डोळ्यांवर तो फार विसंबत नाही, त्यामुळे घाईघाईत चिमटा हलवू नका. आणि दिवसा खादाडांना आधी, दुसऱ्या टोकाला खायला घाला. पोट भरलेला बार्बसुद्धा थोडा सभ्य होतो.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ओला जवळा. बाजारात ताजा मिळतो तेव्हा स्वच्छ गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, छोट्या पुड्या करून गोठवून ठेवावा. नँडस, लीफ फिश यांना मेलेलं खायची सवय लावायला तो उत्तम, कारण दोऱ्याला किंवा चिमट्याला लावून हलवला की जिवंत वाटतो. सुका जवळा मात्र देऊ नका, त्यात मीठ असतं. एकच एक पदार्थ महिनोन् महिने देऊ नका हेही लक्षात ठेवा. काही माशांमध्ये आणि कवचधारी जीवांमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकतं, आणि गोठवल्याने ते नाहीसं होत नाही. गोल्डफिशची पिल्लं रोज खायला घालणाऱ्यांचे शिकारी मासे कालांतराने झटके येऊन मरतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आज जवळा, उद्या गांडूळ, परवा डासांच्या अळ्या, असं फिरवत राहायचं.

पर, कातडी आणि रात्रीचे उद्योग

आता त्याला त्रास कोण देतं ते. टायगर बार्ब, सर्पी टेट्रा, ब्लॅक स्कर्ट हे मासे दुसऱ्याच्या लोंबत्या परांना टोचे मारतात. बटरफ्लाय फिशच्या पोटाखाली लांब तंतू लटकत असतात आणि तो हलत नाही, म्हणजे ह्यांच्यासाठी ते खेळणंच. सर्पी किंवा बार्ब थव्याने ठेवले तर आपापसात भांडतात आणि इतरांना कमी छळतात हे खरं, पण नाजूक माशाच्या जिवावर तो प्रयोग करून बघण्यात अर्थ नाही.

सकर हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. 'काच साफ ठेवतो' म्हणून प्रत्येक टाकीबरोबर एक सकर गळ्यात मारला जातो. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा होतो तसा, विशेषतः पोटभर मिळत नसेल तर, रात्री संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खरवडायला लागतो. त्या थरावर माशाचं रोगांपासूनचं संरक्षण अवलंबून असतं. नाजूक कातडीच्या घोस्टच्या अंगावर असे खरवडल्याचे फिकट गोल डाग दिसले तर औषधाच्या बाटलीकडे जाण्याआधी सकरकडे बघा. त्यातून घोस्टला औषधं फार जपून द्यावी लागतात. तांब्याची औषधं आणि मॅलॅकाइट ग्रीन इतर माशांना चालतात त्या मात्रेत त्याला झेपत नाहीत. काच साफ करणाराच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो हाताएवढाही होत नाही. किंवा स्पंजने काच पुसा.

कोकणातल्या ओढ्यांतून स्वतः मासे पकडून टाकीत सोडणाऱ्यांसाठी एक खास इशारा. पारदर्शक, आतला काटा दिसतो असे काचमासे आपल्याकडे मिळतात. त्यातला लांबट अंगाचा, चांदा नामा या शास्त्रीय नावाचा मासा दुसऱ्या माशांची खवलं ओरबाडून खातो. दिसायला इतका निरागस की कुणाला पटत नाही. घोस्टसारख्या नाजूक कातडीच्या माशाबरोबर त्याला ठेवलं तर तो काय खाईल, याचा विचार तुम्हीच करा.

ब्लॅक घोस्टच्या बाबतीत आणखी एक वेगळाच त्रास आहे, तो आपल्याला दिसतच नाही. दोन घोस्ट किंवा घोस्ट आणि एलिफंट नोज एकाच टाकीत ठेवले तर दोघेही विद्युतक्षेत्र वापरणारे. घोस्टचे स्पंद सेकंदाला हजाराच्या आसपास असतात, आणि दुसऱ्याचे स्पंद जवळपास तेवढेच आले की दोघांनाही नीट 'दिसत' नाही. निसर्गात ते एकमेकांपासून लांब जातात किंवा आपला वेग थोडा बदलून घेतात. चार फुटी टाकीत लांब जाणार कुठे? मोठा लहानाला चावतो, बहुधा शेपटीला, आणि विजेचं बरंचसं काम त्याच भागात चालतं.

पाणी जुळतंय का?

सोबतीच्या याद्यांमध्ये हा भाग एका ओळीत उरकतात, पण आपल्याकडे तो थोडा सविस्तर बघायला हवा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. ॲमेझॉनच्या माशांना ते आवडतं, म्हणजे लीफ फिश आणि घोस्टवाल्यांचं अर्धं काम विहीरच करते. त्याच पाण्यात मॉली मात्र रोडावते, तिला क्षारयुक्त पाणी हवं. म्हणजे मॉली आणि लीफ फिश ही जोडी तोंडाच्या मापाने जुळो वा न जुळो, पाण्यावरच फिसकटते. उलट खाडीकाठच्या वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचं पाणी मचूळ होतं. तिथे मार्चपर्यंत मजेत असलेला लीफ फिश मे महिन्यात खाणं सोडतो आणि कारण कळत नाही. अशा ठिकाणी पागोळ्याचं पाणी साठवून, पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ देऊन मगचं, गाळून वापरणं बरं. मऊ पाण्याचा एक तोटा सांगून ठेवतो: त्यात आम्ल-अल्कली तोल सांभाळणारे क्षार कमी असल्याने, पाणी बदललं नाही तर ते हळूहळू जास्तच आंबट होत जातं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की ही भानगड होत नाही.

अमोनियाचं गणितही पाण्याच्या जातीवर ठरतं. शिकारी माशाचं खाणं म्हणजे मांस, त्यामुळे घाण जास्त. एकूण अमोनियापैकी विषारी रूपात किती असतो ते पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून: 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर जेमतेम अर्धा-पाऊण टक्का, पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे तेवढ्याच घाणीचं विष जवळपास नऊ-दहा पट. म्हणून पाणी खारट-अल्कधर्मी असलेल्या ठिकाणी टाकीत मासे कमीच ठेवावेत.

आणि उन्हाळा. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. फरक थोडा वाटतो, पण उन्हाने माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि फिल्टरमधले जिवाणूही त्याच वाट्यावर जगतात. जूनमध्ये पहिल्या वादळाबरोबर वीज गेली आणि हवेचा पंप रात्रभर बंद राहिला की दाटीच्या टाकीत पहाटे हाल होतात. सोबत निवडताना 'किती मासे मावतील' याचा हिशोब वीज गेलेल्या रात्रीचा करा. बॅटरीवर चालणारा पंप फार महाग नसतो.

मग ठेवायचं काय?

ब्लॅक घोस्टला सोबत म्हणून मध्यम आकाराचे, दिवसा फिरणारे, टोचे न मारणारे आणि रात्री झोपणारे मासे बरे. वाढलेले एंजल, पर्ल गुरामी, ब्रिसलनोज. एंजलसुद्धा लहानपणापासून बरोबर वाढलेले हवेत. रात्रीच जागणारे मोठे मांजरमासे नकोत, ते त्याचा पाइपही घेतात आणि घासही.

बटरफ्लाय फिशचं सोपं आहे: वरचा मजला त्याचा एकट्याचा. खाली तळाशी मोठे कोरीडोरास, मध्ये शांत, भरल्या अंगाचे टेट्रा. इथे कोरीडोरास चालतात कारण हा मासा तळाशी उतरत नाही. वर राहणारे मासे, म्हणजे गप्पी, डॅनिओ, हॅचेट, सगळे वर्ज्य. लहान ते पोटात जातात आणि चपळ ते ह्याला उपाशी ठेवतात. पाण्यावर काही तरंगणारी झाडं, प्रवाह मंद, आणि झाकण घट्ट. हा उडतो. झाकणाला वायरसाठी ठेवलेली फटसुद्धा त्याला पुरते.

लीफ फिश आणि नँडसला खरं तर सोबतीची गरज नाही, आपल्याला असते. टाकी रिकामी दिसते म्हणून आपण मासे भरतो. तरीही भित्र्या माशाच्या बाबतीत एक उपयोग होतो: आजूबाजूला उंच अंगाचे, संथ मासे उघड्यावर बिनधास्त फिरताना दिसले की लपलेला मासाही बाहेर येतो, कारण वर बगळा नाही याची ती खूण असते. दोन-तीन पर्ल गुरामी हे काम करतात. लांब चोचीच्या माशाला मात्र सोबत नकोच. त्याला लांबरुंद टाकी, तीन बाजूंनी काळा कागद आणि कमी उजेड द्या. पी पफरही एकटा किंवा आपल्याच जातीच्या लहान गटात, भरपूर झाडांत. त्याच्याबरोबर काय ठेवू विचारणाऱ्याला मी गोगलगायी सांगतो, त्या टिकणार नाहीत हे गृहीत धरून.

समुद्रघोड्याबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून थोडक्यात. तोही नाजूक शिकारीच: दात नाहीत, जठर नाही, नळीसारख्या तोंडाने बारीक कोळंब्या ओढून घेतो आणि दिवसभर थोडंथोडं खात राहावं लागतं. रापणीत किंवा जाळ्यात कधीतरी येतो आणि 'घरी ने, टाकीत ठेव' म्हणून पोराच्या हातात दिला जातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 साली त्याचा समावेश झाला. तो पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. जिवंत असेल तर तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा.

आत सोडताना

नाजूक मासा आधी, बाकीचे नंतर. त्याने जागा निवडली, चिमट्यातून खायला लागला, की मगच शेजारी आणायचे. उलट केलं तर नवा पाहुणा बसलेल्या मंडळींच्या तावडीत सापडतो. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवून मग मुख्य टाकीत घ्यावेत. घोस्टला औषध झेपत नाही, त्यामुळे रोग दारातच अडवणं हाच त्याचा उपचार. त्याच कारणाने गटारातले किंवा उघड्या टाकीतले गप्पी पकडून जिवंत खाऊ म्हणून सोडू नका, त्यांच्याबरोबर आतड्यांतले कृमी आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फुकट येतात.

पहिले दोन आठवडे रात्री एक फेरी मारा. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावला की मासे फारसे बिचकत नाहीत. मासे मोजा. पाइप कुणाच्या ताब्यात आहे बघा. सकर कुठे चिकटलाय बघा. आणि शिकारी माशाला समोरून, वरून बघा, पाठ भरतेय की उतरतेय. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला गेलात तर तिथेही माशांची नावं वाचून पुढे सरकू नका. कुठल्या टाकीत कोण एकटा ठेवलाय आणि कोण गटात, हे बघत जा.

जमत नाही असं दिसलं तर मासे वेगळे करा, आठवडाभर वाट बघू नका. एका रात्रीत फाटलेला पर महिन्यात भरून येतो, पण धास्तावून खाणं सोडलेला लीफ फिश पुन्हा खायला लागेलच असं नाही. आणि ज्याला काढायचं त्याला परत दुकानात न्या. बहुतेक दुकानदार बदल्यात खाणं किंवा दुसरा मासा देतात. सकर मोठा झाला, टाकीत मावेना, म्हणून वाशिष्ठीत किंवा गावच्या तळ्यात नेऊन सोडू नका. तो मरत नाही, तिथेच वाढतो, काठाच्या मातीत बिळं पाडतो, आणि पुढे जाळ्यात येतो तेव्हा त्याच्या काटेरी चिलखताने जाळं फाटतं.